मांडवाखालचा खांदा: फिजिओथेरपीत संशोधन करतात म्हणजे नेमकं काय करतात

दसऱ्याच्या आगेमागे दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांमध्ये गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, होते. त्यानंतर दीड-दोन महिन्यांत आमच्या ओपीडीत खांदे यायला लागतात. घडातले जादा मणी काढून टाकायची विरळणी तेव्हा जोरात असते. बाई मांडवाखाली उभी असते, मान मागे टाकलेली, दोन्ही हात डोक्याच्या वर आणि बोटांत छोटी कात्री. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. यातल्या कितीतरी जणी पेठ, सुरगाण्याकडून टोळीने कामाला आलेल्या असतात. येतात तेव्हा तक्रार साधीच असते: "मॅडम, हात वर जाईना. वेणी घालता येईना."

मी नाशकात फिजिओथेरपी शिकवते. मागच्या वर्षी एका विद्यार्थिनीचे वडील भेटायला आले होते. मुलगी एमपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीतलं पदव्युत्तर शिक्षण, करत होती आणि पुढे पीएचडी करायची म्हणत होती. त्यांनी अगदी मनापासून विचारलं, "मॅडम, व्यायाम शिकवायचा, शेक द्यायचा, हे समजतं. पण यात संशोधन कसलं करतात?" मी तेव्हा दोन-चार वाक्यांत उत्तर दिलं, पण ते त्यांना पुरलं नाही. मलाही पुरलं नाही. म्हणून आता सावकाश लिहिते.

ओपीडीच्या बाकावर बसलेल्या त्या विरळणीच्या बाईपासूनच सुरुवात करू. तिला कोणता व्यायाम द्यायचा? पुस्तकात खांद्याचे व्यायाम भरपूर आहेत, पण त्यातले बरेच क्रिकेट, पोहणं, टेनिस खेळणाऱ्यांच्या खांद्यावर अभ्यास करून ठरवलेले आहेत. खेळाडूला आपण सांगू शकतो, सहा आठवडे चेंडू टाकू नकोस. विरळणीच्या दिवसांत या बाईला सुट्टी घे म्हणणं म्हणजे मजुरी सोड म्हणणं. मग काम चालू असतानाच खांदा सांभाळायचा असेल तर काय करायचं? दर तासाला दोन मिनिटं हात खाली घ्यायला लावले तर फरक पडेल का? पायाखाली फळी ठेवून उंची वाढवली तर? हंगामाच्या आधी महिनाभर खांद्याची ताकद वाढवून घेतली तर? हे तिन्ही प्रश्न संशोधनाचे आहेत. त्यांना कोणतंही महागडं यंत्र लागत नाही. लागते ती मोजायची शिस्त.

आणि मोजणं म्हणावं तितकं सोपं नसतं. खांदा किती उघडतो हे आम्ही गोनिओमीटरने मोजतो. दोन पट्ट्या आणि मधोमध कोनमापक, एवढंच ते साधन. एकदा मी दोन इंटर्नना एकाच बाईचा तोच खांदा पाठोपाठ मोजायला सांगितला. पहिलीने ११८ अंश लिहिलं, दुसरीने १३१. दहा मिनिटांत खांदा तेरा अंशांनी बरा होत नाही. नीट पाहिलं तेव्हा कारण सापडलं. दुसरीने मोजताना बाई बसलेली होती आणि हात वर नेताना कमरेतून पलीकडे झुकत होती. झुकलं धड, अंश मात्र खांद्याच्या नावावर जमा झाले. मग तिला पाठीवर झोपवून पुन्हा मोजलं आणि दोघींचे आकडे तीन अंशांच्या आत आले. गोनिओमीटरच्या मोजणीत साधारण पाच अंशांचा फरक नुसता हाताचा असू शकतो, असं आम्ही धरून चालतो. त्यामुळे उपचारानंतर चार अंश वाढले असं कुणी सांगितलं, तर मी आधी विचारते, कोणत्या स्थितीत मोजलं आणि दोन्ही वेळा कुणी मोजलं?

सहा मिनिटं चालण्याच्या चाचणीचंही तेच. दम्याचा, फुप्फुसाचा किंवा हृदयाचा रुग्ण सहा मिनिटांत किती मीटर चालतो ते बघायचं. त्याला तीस मीटरचा सरळ पट्टा लागतो. पट्टा आखूड असला की रुग्णाला सारखं वळावं लागतं, वळताना वेग पडतो आणि अंतर कमी भरतं. ज्याच्या कॉरिडॉरमध्ये मधेच स्ट्रेचर येतं, त्याचे आकडे दुसऱ्या हॉस्पिटलच्या आकड्यांशी ताडून बघता येत नाहीत. शिवाय दुसऱ्यांदा चालताना माणूस सरावलेला असतो, म्हणून थोडं जास्तच चालतो. ती वाढ उपचाराच्या खात्यात टाकली की फसलो.

समजा, मोजणं जमलं. आता सगळ्यात अवघड भाग येतो, आणि माझा स्वतःचा पाय इथेच घसरला होता.

फ्रोझन शोल्डर म्हणजे आखडलेला खांदा घ्या. मधुमेह असणाऱ्यांना तो जास्त होतो. याची गंमत नव्हे, याचं वैशिष्ट्य असं, की बहुतेकांचा खांदा एक ते तीन वर्षांत आपोआप बराच मोकळा होतो. शिवाय माणूस दवाखान्यात येतो तो दुखणं टोकाला गेल्यावरच. दुखणं बरं वाटतं त्या दिवशी कुणी रिक्षा करून ओपीडीत येत नाही. टोकाला गेलेलं दुखणं पुढच्या काही आठवड्यांत थोडं उतरणारच असतं. म्हणजे मी काहीही केलं, नुसतं हातावर हात ठेवून बसले, तरी महिन्याने आकडे सुधारलेले दिसतील. माझ्या एमपीटीएचच्या डिसर्टेशनला, म्हणजे प्रबंधाला, मी दोन गट केले होते. कोणता रुग्ण कोणत्या गटात हे मीच ठरवलं, व्यायाम मीच दिले आणि आधीचं व नंतरचं मोजमापही मीच केलं. निकाल सुंदर आला. तोंडी परीक्षेत कौतुकही झालं. पुढे काही वर्षांनी स्वतः विद्यार्थ्यांना गाईड करायला लागले, तेव्हा मी तो प्रबंध पुन्हा उघडला. उत्साही, नेमाने येणारे रुग्ण मी नकळत माझ्या आवडत्या उपचाराच्या गटात टाकत गेले होते, हे आकड्यांवरून स्पष्ट दिसत होतं. त्या प्रबंधातून कोणत्याही रुग्णाविषयी खात्रीचं काही सांगता येत नाही. हे कळल्यावर वाईट वाटलं, कारण त्यासाठी चाळीस माणसं सहा-सहा आठवडे माझ्याकडे येत राहिली होती.

यावर उपाय जुनाच आहे. गट नशिबावर सोडायचा. संगणकाने काढलेला क्रम आतलं काही दिसणार नाही अशा जाड, बंद पाकिटांत घालायचा, पाकिटांवर नंबर टाकायचे आणि ती संशोधनात नसलेल्या कुणाकडे तरी ठेवायची. रुग्णाने होकार दिला की पुढचं पाकीट उघडायचं, त्याआधी नाही. आणि मोजणाऱ्याला गट माहीत असता कामा नये. औषधाच्या चाचणीत रुग्णालाही कळत नाही आणि डॉक्टरलाही कळत नाही, कारण दोन्ही गोळ्या सारख्याच दिसतात. आमच्याकडे तसं करता येत नाही. व्यायाम शिकवणाऱ्याला आपण काय शिकवतोय ते माहीत असणारच. जगभरातल्या फिजिओथेरपीच्या चाचण्या एकत्र ठेवणारा पेड्रो नावाचा एक मोफत संग्रह १९९९पासून चालू आहे. तिथे प्रत्येक चाचणीला दहापैकी गुण मिळतात. त्यातला एक गुण उपचार करणाऱ्याला गट माहीत नसण्याचा आहे आणि तो आमच्या क्षेत्रात फार थोड्यांना मिळतो. म्हणून निदान टेप आणि गोनिओमीटर धरणारा हात तरी वेगळा असावा, यावर मी विद्यार्थ्यांशी तडजोड करत नाही.

"पण मॅडम, फायदा होतो हे डोळ्यांना दिसतंच की," असं विद्यार्थी म्हणतात. त्यांना मी ॲव्हर्ट चाचणीबद्दल सांगते. पक्षाघाताच्या रुग्णाला जितक्या लवकर उठवून बसवू, उभं करू, तितकं चांगलं, असा आमचा सगळ्यांचा विश्वास होता. ज्युली बर्नहार्ट या ऑस्ट्रेलियातल्या फिजिओथेरपिस्ट. त्यांच्या नेतृत्वाखाली पाच देशांतल्या ५६ केंद्रांत २१०४ रुग्णांवर हे तपासलं गेलं. एका गटाला पहिल्या चोवीस तासांतच, वारंवार आणि जास्त वेळ उठवलं. दुसऱ्या गटाला नेहमीची काळजी मिळाली. २०१५मध्ये निकाल आला. तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले रुग्ण नेहमीच्या गटात ५० टक्के होते आणि खूप लवकर, खूप जास्त उठवलेल्या गटात ४६ टक्के. आमचा उत्साह थोडा नडला होता. याचा अर्थ रुग्णाला पडून राहू द्यावं असा अजिबात नाही. त्याच आकड्यांचा पुढे बारकाईने अभ्यास झाला तेव्हा थोडा थोडा वेळ, पण दिवसातून जास्त वेळा उठवणं बरं, असं दिसलं. पण एका फिजिओथेरपिस्टने आपल्याच व्यवसायाचा लाडका समज तपासायला घेतला आणि उलट आलेला निकाल तसाच छापला, याचा मला फार आदर वाटतो.

आपल्याकडचं उदाहरणही आहे आणि ते जास्त जिव्हारी लागणारं आहे. अटेंड नावाची चाचणी भारतातल्या १४ हॉस्पिटलांत झाली, १२५० पक्षाघाताच्या रुग्णांवर. फिजिओथेरपिस्ट घरोघरी पुरणार नाहीत, तेव्हा मुलगा, सून, बायको यांनाच व्यायाम शिकवून घरी पाठवायचं, ही कल्पना. खर्च कमी, घरातलं माणूस जवळ. कुणालाही पटावी अशी. सहा महिन्यांनी मृत्यू किंवा परावलंबन मोजलं, तर दोन्ही गटांत ४७ टक्के. फरक शून्य. २०१७मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला तेव्हा मी निराश झाले होते, कारण मी स्वतः घरच्यांना तेच शिकवत होते. अजूनही शिकवते. माणूस उचलताना त्याच्या खांद्याला इजा होऊ नये, अंगाला जखमा होऊ नयेत, हे घरच्यांना यायलाच हवं. पण "घरच्यांनी व्यायाम करून घेतले की माणूस उभा राहील" हे वाक्य मी तेव्हापासून बोलत नाही.

आता एक असा भाग, जो मराठीत काम करणाऱ्यांच्या खास वाट्याला येतो. अंश आणि मीटर मोजले, पण बाईला रोजच्या जगण्यात काय अडतंय ते कसं मोजायचं? त्यासाठी प्रश्नावल्या असतात. हात-खांद्यासाठी डॅश नावाची तीस प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते. मूळ इंग्रजी. त्यात घट्ट झाकणाची बरणी उघडणं आहे, डोक्यावरचा दिवा बदलणं आहे, ड्रायरने केस वाळवणं आहे. एका प्रश्नात हाताला हिसका बसणाऱ्या खेळांचं उदाहरण म्हणून गोल्फ आहे. सुरगाण्याच्या बाईला गोल्फ खेळताना किती अडचण येते हे विचारून काय मिळणार? ती विचार करते आणि "नाही बा" म्हणते. आपण कागदावर "अडचण नाही" लिहितो आणि तिचा खांदा आहे त्यापेक्षा बरा दिसायला लागतो.

म्हणून प्रश्नावलीचं नुसतं भाषांतर करून भागत नाही, ती आपल्या माणसांत रुजवावी लागते. आधी ते काम कुणी केलंय का ते शोधायचं. केलेलं असेल तर तेच वापरायचं. नसेल तर मूळ प्रश्नावलीच्या मालकांची परवानगी घ्यायची. मग दोन जणांनी स्वतंत्रपणे मराठीत भाषांतर करायचं, एकजण आमच्या विषयातला आणि एकजण बाहेरचा. दोन्हींचं मिळून एक करायचं. मग मूळ इंग्रजी न पाहिलेल्या माणसांकडून ते मराठी परत इंग्रजीत करून घ्यायचं. मूळ अर्थ कुठे निसटला ते तिथे लगेच कळतं. त्यानंतर सगळ्यांनी बसून वाद घालायचे आणि शेवटी तीस-चाळीस रुग्णांना वाचून दाखवून त्यांना काय समजलं ते विचारायचं.

या शेवटच्या पायरीवर मी जितकं शिकले तितकं कुठल्या वर्कशॉपमध्ये शिकले नाही. "सौम्य अडचण", "मध्यम अडचण", "तीव्र अडचण" असे पर्याय आम्ही मोठ्या अभिमानाने लिहिले होते. पहिल्याच आजीबाईंनी विचारलं, "सौम्य म्हणजे?" मी म्हटलं, थोडी. त्या म्हणाल्या, "मग थोडं जड जातं असं लिही ना." आम्ही पर्याय बदलले: सहज जमतं, थोडं जड जातं, बरंच जड जातं, कसंबसं जमतं, जमतच नाही. भाकरी थापणं, हंडा उतरवणं, वेणी घालणं, चोळीचा हुक लावणं, दोरीवर लुगडं वाळत घालणं ही उदाहरणं बायकांनीच सुचवली. त्या प्रश्नावलीत शरीरसंबंधांबद्दलही एक प्रश्न आहे. सासू शेजारी बसलेली असताना तो कसा विचारायचा, हा प्रश्न आमच्यापुढे खराखुरा होता. शेवटी सगळी प्रश्नावलीच पडद्याआड, बाई एकटी असताना विचारायची असं ठरलं. त्यानंतर बायका बाकीच्या प्रश्नांनाही वेगळी, जास्त खरी उत्तरं द्यायला लागल्या. आणि हे सगळं झाल्यावर तीच प्रश्नावली त्याच माणसांना काही दिवसांनी पुन्हा देऊन उत्तरं जुळतात का ते बघायचं असतंच. कुणी म्हणेल, भाषांतरात कसलं संशोधन? माझ्या मते मराठी मुलखात राहून करण्यासारखं याहून उपयोगी काम थोडंच असेल.

आता त्या वडिलांच्या मनातला दुसरा प्रश्न. यात पोट भरतं का?

वाट अशी आहे. महाराष्ट्रात 'नीट' ही प्रवेश परीक्षा देऊन बीपीटीएचला, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीला, प्रवेश मिळतो. आजवरची चाल म्हणजे चार वर्षं शिक्षण आणि सहा महिने इंटर्नशिप. मग दोन वर्षांची एमपीटीएच. त्यात मस्क्युलोस्केलेटल (हाडं-स्नायू), न्यूरो (मेंदू-नसा), कार्डिओ-रेस्पिरेटरी (हृदय-फुप्फुस), कम्युनिटी अशा शाखा असतात आणि डिसर्टेशन सगळ्यांना करावंच लागतं. राज्यातली अभिमत विद्यापीठं सोडली तर ही कॉलेजं १९९८मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत, आणि त्याचं मुख्यालय आपल्या नाशकातच आहे, म्हसरूळला दिंडोरी रोडवर. एमपीटीएचनंतर सहायक प्राध्यापक, पुढे सहयोगी प्राध्यापक, प्राध्यापक. पीएचडीला युजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) नियमाप्रमाणे कमीत कमी तीन वर्षं लागतात आणि नोकरी सांभाळून अर्धवेळही करता येते. नोकरी सांभाळून करणाऱ्यांना ती पाच-सहा वर्षं पुरते, हे मी आजूबाजूला बघते. २०२१मध्ये केंद्राने संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात फिजिओथेरपी आली. त्यामुळे देशभरचे अभ्यासक्रम आणि नोंदणी एका चौकटीत येत आहेत. आता प्रवेश घेणाऱ्यांनी कालावधी आणि नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकात बघूनच घ्यावेत.

पैशांचं खरं सांगते. शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्टच्या पगारापेक्षा गंगापूर रोडला चांगलं चालणारं क्लिनिक जास्त कमावतं. बरेच शिक्षक दिवसा कॉलेज आणि संध्याकाळी क्लिनिक करतात. संशोधनाला वेळ उरतो तो रविवारी. वर्ग, ओपीडी, परीक्षा, विद्यापीठाची तपासणी समिती (एलआयसी) यायच्या आधीची कागदपत्रं, यातून वेळ काढावा लागतो. बाहेरचे काही देश पीएचडीला नोकरीसारखं वेतन किंवा पुरेशी शिष्यवृत्ती देतात, म्हणून हुशार मुलं जातात आणि मी त्यांना अडवत नाही. पण इथे राहून करायचं असेल तर माझा सल्ला ठाम आहे. दर वर्षी नवा विषय घेऊ नका. एक खांदा धरा, एक पाठ धरा. येवल्यात पैठणी विणणाऱ्यांचे मागावर तासन्‌तास वाकलेले पाठकणे आहेत, लासलगावला बसून कांदा निवडणाऱ्या बायकांचे गुडघे आहेत, सातपूर-अंबडच्या कंपन्यांतले मनगटं दुखणारे कामगार आहेत. एका वर्षी विद्यार्थी फक्त प्रश्नावली तयार करेल, पुढच्या वर्षीचा दुखणं किती जणांना आहे ते मोजेल, तिसरा उपचार तपासेल. दहा वर्षांनी त्या एका विषयात तुमच्याइतकं जाणणारं दुसरं माणूस जवळपास नसेल. बढतीसाठी पेपर मोजले जातात, त्या घाईत अनेकजण पैसे घेऊन चार दिवसांत काहीही छापणाऱ्या जर्नलांच्या हाती लागतात. युजीसीने आपली मान्य जर्नलांची 'केअर' यादीही २०२५मध्ये बंद केली, त्यामुळे पारख आता आपल्यालाच करावी लागते. माझी साधी कसोटी अशी: ज्या जर्नलने माझ्या लेखातली एकही चूक दाखवली नाही, तिथे मी पुन्हा लेख पाठवत नाही.

कागदोपत्री दोन गोष्टी मात्र रुग्णाला हात लावायच्या आधीच व्हायला हव्यात. एथिक्स कमिटीची मंजुरी, आणि उपचारांची चाचणी असेल तर सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद. ही नोंद फुकट होते. एप्रिल २०१८पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच ती करावी लागते, मागाहून चालत नाही. नियम जाचक वाटतो, पण त्यामुळे आपण काय मोजणार हे आधीच जाहीर होतं आणि नंतर सोयीचा आकडा तेवढा उचलता येत नाही.

मागच्या हंगामाआधी माझी एक विद्यार्थिनी विरळणीला जाणाऱ्या बायकांचे खांदे मोजायला निघाली. मी बरोबर होते. मराठीतलं संमतिपत्र तिने मोठ्याने वाचून दाखवलं. वाचता न येणाऱ्या बाईसाठी संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार लागतो, म्हणून गावातल्या आशाताईंना बसवलं होतं. एका बाईने सगळं ऐकून विचारलं, "यात माझं नाव येईल का?"

"नाही मावशी, नुसता नंबर येईल."

"आणि या व्यायामाने हात दुखायचा थांबेल?"

माझ्या विद्यार्थिनीने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. ती म्हणाली, "तेच माहीत नाही मावशी. तेच बघायचंय."

बाई थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "बघा मग. पण विरळणीत मधेच मोजायला बोलवू नका, मुकादम सोडत नाही. आणि माघ लागला की आम्ही गावी." आम्ही फॉलोअपच्या दोन्ही तारखा तिथेच खोडल्या. पहिली बागेवर, दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत ठेवली, आणि दुसरी सुरगाण्याला, तिच्या गावी.